मिशनच्या गावी सेवेला जाताना

प्रश्न : आमच्या भायखळ्याच्या चर्चमधील दहा तरुण मे महिन्यात एका गरीब खेड्यातील मिशनमध्ये आठ दिवस सेवेला जाणार आहेत. सोबत काय न्यावे? – एक वाचक, मुंबई

उत्तर : जुन्या कपड्यांची गाठोडी बांधण्याआधी मिशनच्या व्यवस्थापकांना नेमकी गरज विचारावी, कारण न विचारता आणलेले कपडे कोठीच्या कोपऱ्यात पडून राहतात आणि ते निवडण्याचे काम तेथील बायकांवरच येते. मे महिन्यात विहिरी आटतात. दहा पाहुण्यांच्या अंघोळीचे पाणीही कुणाच्या तरी डोक्यावरच्या हंड्यातून येते, याचे भान ठेवावे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले, तेव्हा दुष्काळातून आणलेल्या मुलींना व विधवांना त्यांनी अन्नवस्त्राबरोबरच शेती, विणकाम आणि छपाईही शिकविली. मला हाच मार्ग फार मोलाचा वाटतो. तुमच्यात सुतारकाम, शिवणकाम किंवा वायरिंग जाणणारे असतील, तर त्यांनी गावातील दोघा-तिघांना हाताशी धरूनच काम करावे. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत. अंथरूण-पांघरूण व शिधा मात्र आपला आपण न्यावा.