पाँपेईतल्या घरांच्या चौकात कोणती झाडं होती, हे कळलं कसं?

प्रश्न: इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन गावातल्या घरांच्या आतल्या बागांचे फोटो पाहिले. चारी बाजूंनी खांबांचा सोपा, मधे हिरवीगार झुडपं. इसवी सन ७९ मध्ये गाडलेल्या गावात ही झाडं आली कुठून? मनानेच लावली आहेत का?

उत्तर: झाडं आजची आहेत, पण सगळीच मनाने लावलेली नाहीत. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गावावर आधी हलक्या, सच्छिद्र खड्यांचा पाऊस पडला. बागा त्याखाली गेल्या. पुढे जमिनीतली मुळं कुजली आणि त्यांच्या जागी राहिलेल्या पोकळीत हेच खडे उतरले. अमेरिकी अभ्यासक विल्हेल्मिना जॅशेम्स्की यांनी १९६१ पासून या पोकळ्यांचा ध्यास घेतला. खडे अलगद उपसायचे, आत तारा सोडायच्या, सिमेंट ओतायचं आणि ते घट्ट झालं की भोवतीची माती काढायची. मग फांद्या फुटलेलं अख्खं मूळ समोर उभं राहायचं! त्याची जाडी, वळण, दोन मुळांमधलं अंतर, शिवाय मातीतले परागकण आणि जळून कोळसा झालेल्या बिया, या सगळ्यांची सांगड घालून झाड ओळखायचं. दरवेळी नाव सांगता येत नाही, पण झाड मोठं होतं की झुडूप, हे नक्की कळतं.

मला स्वतःला यूलियस पॉलिबियसच्या घराची बाग सर्वांत प्रिय आहे. तिथे पुतळ्यांचा थाट नाही. दाटीवाटीने वाढलेली मोठी झाडं, भिंतीला धरून वाढवलेली लहान झाडं, आणि जमिनीवर उमटलेला एका लांब शिडीचा ठसा. शिडी वर निमुळती होत गेलेली, फांद्यांत घुसवून फळं तोडायला सोयीची. रोमन चौक म्हणजे नुसता पाहुण्यांना दाखवायचा देखावा, हा समज मला म्हणूनच पटत नाही.

देखाव्याच्या बागाही होत्याच. वेत्तींच्या घरात पुतळ्यांमधून पाणी उडायचं, त्याचे शिशाचे नळ उत्खननात जागेवरच सापडले. ही चैन परवडली ती सम्राट ऑगस्टसच्या काळात बांधलेल्या जलवाहिनीमुळे. त्याआधी भिस्त छपरावरून उतरून टाक्यात साठणाऱ्या पावसाच्या पाण्यावर. चौक लहान असेल तर भिंतीवर झाडं, पक्षी आणि कारंजी रंगवायची. सोन्याच्या कंकणाचं घर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरातली अशी चित्रं फार देखणी आहेत. कण्हेर, गुलाब, पानांआडचे पक्षी, सगळं इतकं नेमकं की जाती ओळखता येतात.

पुन्हा फोटो पाहाल तेव्हा खांबांच्या पायथ्याशी नजर टाका. बागेच्या कडेने दगडी पन्हळ दिसली, तर छपरावरचं पाणी टाक्याकडे न्यायची ती वाट.