वर्गणीची वही आधी शोध

कोल्हापूर

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या हौशी नाट्यसंस्थेचा इतिहास लिहिण्याचे काम तुझ्याकडे आले, याचा आनंद आहे. तू पाठवलेला आराखडा दोनदा वाचला. त्यात नाटकांची यादी आहे, बक्षिसे आहेत, अध्यक्षांची छायाचित्रे कोणत्या क्रमाने छापायची तेही आहे. परंतु दिवसभर बँकेत, शाळेत नाहीतर उद्यमनगरातल्या कारखान्यात राबलेली माणसे रात्री नऊनंतर तालमीला कशाच्या जोरावर जमत होती, याचा त्यात पत्ता नाही. हौशी संस्थेच्या इतिहासात मला तरी हाच भाग महत्त्वाचा वाटतो.

म्हणून वर्गणीची वही आधी शोध. तालमी किती झाल्या याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही, पण चहाचे पैसे कोणी दिले याची नोंद खजिनदार चुकवत नाही, आणि चहाच्या तारखा ओळीने मांडल्या की तालमींचा हिशेब आपोआप हाती येतो. दुसऱ्या एका संस्थेच्या जुन्या वहीत मी 'फ्लॅट', म्हणजे देखाव्याच्या कापडी चौकटी, 'पुन्हा रंगवले' अशी नोंद लागोपाठ तीन नाटकांच्या खर्चात पाहिली होती. त्या संस्थेची तेव्हाची परिस्थिती सांगायला तेवढी एक ओळ पुरेशी होती. आपल्या वहीत कुठे 'नाईट', म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, म्हणून वेगळी रक्कम दिसली, तर ती घाईने ओलांडू नकोस. सगळे जण पदरमोड करून नाटक करत असताना बाहेरगावाहून आलेल्या अभिनेत्रीला मात्र प्रयोगाचे पैसे द्यावे लागत, कारण घरातल्या मुलींना रंगमंचावर पाठवण्याची सभासदांची तयारी नसे. कोल्हापूरच्याच केशवराव भोसल्यांनी बालवयात 'संगीत शारदा' नाटकात शारदेची भूमिका गाजवली, तो काळ मागे पडल्यावरही हा संकोच बराच टिकला. आपल्या संस्थेत तो कधी आणि कोणामुळे मोडला, हे सभासदांच्या घरातून पहिल्यांदा रंगमंचावर आलेल्या बाईंना किंवा त्यांच्या घरच्यांना अदबीने विचार. मला ते प्रकरण अध्यक्षांच्या छायाचित्रांपेक्षा मोलाचे वाटते.

आता नाट्यगृहाविषयी. शाहू महाराजांनी बांधवलेले पॅलेस थिएटर १९१५ साली उभे राहिले आणि १९५७ साली त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले, एवढे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते, आणि नेमकी अडचण तिथेच आहे. कोल्हापुरातल्या वयस्कर माणसाला आपले प्रत्येक नाटक तिथेच झाल्याचे आठवते. मी एका स्मरणिकेत एका संस्थेचा पहिला प्रयोग 'केशवराव'मध्ये झाल्याचे ठामपणे लिहिले होते, कारण तिघांनी तसे सांगितले होते. पुढे एका घरातल्या ट्रंकेत त्या प्रयोगाची छापील पत्रिका सापडली. प्रयोग एका शाळेच्या पटांगणात, मांडव घालून झालेला होता. ते तिघे खोटे बोलले नव्हते, त्यांनी एकमेकांकडूनच ऐकले होते. सांगणारा 'पॅलेस थिएटर' म्हणाला म्हणून प्रयोग १९५७ पूर्वीचा, असेही धरू नकोस. जुनी माणसे ते नाव पुढेही कितीतरी वर्षे वापरत राहिली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ती वास्तू आगीत सापडली. तेव्हापासून या आठवणी अधिकच गहिऱ्या झाल्या आहेत, आणि गहिवरलेल्या माणसाला तारीख विचारणे अवघड असते. तरीही विचार.

तारखेसाठी पक्का आधार संहितेचा. संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रावर क्रमांक आणि दिनांक असतो. प्रॉम्प्टरची प्रत मिळाली तर तिच्यातल्या पेन्सिलीच्या खुणाही उतरवून घे, कारण कोणते वाक्य मंडळाच्या परीक्षकांच्या भीतीने गाळले आणि कोणते नटाला जमेना म्हणून, हे पुष्कळदा समासात लिहिलेले सापडते. राज्य नाट्य स्पर्धेची प्रमाणपत्रे जपून वाच. प्राथमिक फेरी एका वर्षाच्या अखेरीस आणि अंतिम फेरी पुढच्या वर्षाच्या आरंभी, असे होत असल्यामुळे एकाच नाटकाला दोन वर्षे चिकटतात. वर्तमानपत्राच्या जुन्या फायली करवीर नगर वाचन मंदिरात विचारून पाहा. मात्र जाहिरातीवरून प्रयोग ठरला होता एवढेच कळते. तो पावसाने बुडाला की कसे, यासाठी पुन्हा खर्चाच्या वहीकडेच यावे लागेल.

कागद दिसला की तिथेच मोबाइलवर छायाचित्र घे, घरी नेऊन नंतर पाहू म्हणू नकोस. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले, त्यांपैकी एका घरी संस्थेची दोन खोकी होती. पाणी उतरल्यावर त्यांतून लगदा निघाला.

आणखी एक. बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटकांचे पडदे रंगवत होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण आपल्याच संस्थेचे पडदे कोणी रंगवले, हे मी चार जणांना विचारले तर चौघांनी चार नावे सांगितली. दिव्यांचे काम पाहणारे आपले जुने गृहस्थ अजून आहेत, त्यांना हे नक्की माहीत असेल. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, तेव्हा उजव्या बाजूला बस, आणि पहिल्या भेटीत वही उघडू नकोस. दिवाळीनंतर प्राथमिक फेरीच्या तालमी सुरू झाल्या की तेही तिथे जाऊन बसतात आणि मग दुसऱ्या कशावर बोलत नाहीत. त्याआधीच्या एखाद्या रविवारी सकाळी जाऊन ये.

तुझा,
काका