स्कापा फ्लो: आधी ड्रायसूट, मग क्रूझर, बॅटलशिप सगळ्यात शेवटी

प्रश्न वाचला. तारकर्लीला स्कुबाचा ओपन वॉटर कोर्स झालाय, अंदमानात अ‍ॅडव्हान्स्ड केलंय, आता नोकरीसाठी बर्मिंगहॅमला आहात आणि मित्रांबरोबर स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर जाऊन तिथल्या स्कापा फ्लो या बंदरात बुडालेली जर्मन जहाजं बघायची आहेत, तर ड्रायसूट (अंगाला पाणी लागू न देणारा सूट) तिथेच भाड्याने घेऊन पहिल्या दिवशी बॅटलशिपवर उतरलं तर चालेल का. माझ्या मते दोन्ही नको. पण ट्रिप रद्द अजिबात करू नका, कारण पहिल्या महायुद्धाच्या एवढ्या युद्धनौका तोफांच्या मनोऱ्यांसकट साध्या स्कुबाच्या खोलीत दुसरीकडे कुठे एकत्र बघायला मिळतील असं मला वाटत नाही.

बॅटलशिप शेवटी का, ते जहाजं बुडली कशी यातच आहे. नोव्हेंबर 1918 च्या युद्धबंदीनंतर जर्मन आरमाराची 74 जहाजं इथे आणून नांगरून ठेवली होती, जर्मन खलाशी जहाजांवरच, किनाऱ्यावर पाय ठेवायला परवानगी नाही, बातमी मिळणार ती चार दिवस जुन्या वर्तमानपत्रातून. 21 जून 1919 ला युद्धबंदीची मुदत संपून इंग्रज जहाजं ताब्यात घेणार असं जर्मन ताफ्याचा प्रमुख अ‍ॅडमिरल फॉन रॉयटरला वाटलं, त्यात पहारा देणारा ब्रिटिश ताफा नेमका त्याच सकाळी सरावाला बाहेर गेला, आणि याने ठरलेला इशारा देऊन सगळ्यांना तळाचे व्हॉल्व्ह उघडायला लावले. संध्याकाळपर्यंत 52 जहाजं तळाला गेली. स्ट्रॉमनेसच्या शाळेची मुलं त्या दिवशी फ्लाइंग केस्ट्रेल नावाच्या बोटीतून ताफा बघायला सहलीला आली होती, त्यांच्या डोळ्यांदेखत हे झालं. नंतर 1920 च्या दशकात अर्नेस्ट कॉक्सने आणि त्याच्यानंतर इतरांनी बहुतेक जहाजं वर काढून भंगारात घातली, आणि मोठी अशी सात उरली: क्योनिग, मार्कग्राफ आणि क्रोनप्रिन्झ विल्हेल्म या तीन बॅटलशिप, शिवाय क्योल्न, ड्रेस्डेन, ब्रुमर आणि कार्ल्सरूह ही चार क्रूझर, म्हणजे बॅटलशिपहून लहान युद्धनौका.

आता बॅटलशिपचं असं आहे की वरती प्रचंड तोफांचे मनोरे, त्यामुळे डोकं जड, बुडताना त्या पलटी झाल्या आणि तशाच उलट्या पडल्यात. म्हणजे शॉटलाइनने (जहाजापर्यंत सोडलेल्या दोराने) खाली गेलात की पहिल्यांदा दिसतो तो जहाजाचा तळ, लांबच लांब लोखंडाचा उतार, आणि नवीन माणसाला आपण नक्की काय बघतोय तेच कळत नाही. क्रोनप्रिन्झच्या 30.5 सेंटिमीटरच्या तोफा बघायच्या तर पार समुद्रतळाजवळ, 35 मीटरच्या आसपास, उलट्या जहाजाच्या कडेखाली जावं लागतं, डोक्यावर हजारो टन लोखंड. मार्कग्राफजवळचा समुद्रतळ तर 45 मीटरला आहे. तुमच्या कोर्सच्या 30 मीटरच्या कार्डवर आणि गरम पाण्याच्या अनुभवावर हे करू नका, प्लीज.

क्रूझर मात्र कुशीवर पडलीत आणि तिथे जहाज जहाजासारखं दिसतं. क्योल्न उजव्या कुशीवर आहे, डेक भिंतीसारखा उभा, त्याच्या कडेने पोहत गेलं की चिलखती कंट्रोल टॉवर येतो, बोटी उतरवायचे वाकडे खांब येतात, मागे 15 सेंटिमीटरच्या तोफा, आणि सगळ्यावर फुलांसारखे दिसणारे समुद्री जीव, म्हणजे पांढरी-केशरी अ‍ॅनिमोनी. मधला भाग भंगारवाल्यांनी इंजिनरूमसाठी सुरुंग लावून फोडलाय, तिथे थोडं गोंधळायला होतं. माझं मत विचाराल तर सातांत हीच सगळ्यात सुंदर. पण सुरुवात कार्ल्सरूहने करा, तिचा तळच 25-27 मीटरला आहे, मोडलेली जास्त आहे पण तुमच्या कार्डात बसते. क्योल्नचा तळ 35 च्या आसपास, पण वरची बाजू बरीच उथळ आहे, तेव्हा ती वरूनवरून बघा नाहीतर आधी डीप कोर्स करून घ्या. नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा) कोर्सही करा, मात्र 32 टक्के ऑक्सिजनचं मिश्रण 34 मीटरच्या खाली नेऊ नका.

ड्रायसूट. अंदमानात 28 डिग्री, इथे मे मधे 8 च्या आसपास आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधे 12-13. फरक नुसत्या थंडीचा नसतो हो, सूटमधे हवा असते आणि ती खाली जाताना आवळते, वर येताना फुगते. डोकं खाली पाय वर झाले की हवा पायात जाते आणि मग तुम्ही उलटे वर निघता. हवा सोडायचा व्हॉल्व्ह डाव्या दंडावर, कोपर उंच केलं तरच हवा बाहेर पडते, हे हाताला आपोआप यायला हवं. त्यात 5 मिलीमीटरचे हातमोजे, बोटांना बटण लागत नाही, टॉर्चची क्लिप सापडत नाही, बोटीला आपली जागा दाखवणारा फुगा वर सोडताना त्याच्या दोरीचं रीळ हातात धड बसत नाही. हे सगळं लेस्टरजवळ स्टोनी कोव्हमधे शिका, जुनी दगडखाण आहे, तुमच्यापासून लांब नाही, खाली बुडवलेल्या बोटी आहेत आणि खोल भागात पाणी गार. ज्या सूटवर आणि ज्या वजनावर ऑर्कनीला उतरणार त्यावरच तिथे सराव करा, फुगा सोडणं मोज्यांसकट करा, कंटाळा येईपर्यंत करा. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत देणारं यंत्र) थंड पाण्याचा हवा, नाहीतर गारठून अडकतो आणि हवा धो धो सुटते.

हवेचा हिशोब पण बघा. पाण्याच्या वर मिनिटाला 20 लिटर हवा लागत असेल तर 30 मीटरवर 80 लागते, आणि थंडीत घाबरलेला माणूस 25 सहज ओढतो म्हणजे 100. बारा लिटरची टाकी 200 बारला 2400 लिटर. त्यातून वर येण्याची हवा आणि बडीसाठीची (जोडीदारासाठीची) हवा काढा, उरतं किती ते दिसेल. म्हणून तिथे लोक ट्विनसेट (दोन टाक्यांची जोडी) नाहीतर 15 लिटरची टाकी आणि सोबत पोनी, म्हणजे छोटी जादा टाकी, वापरतात.

जहाजाच्या आत शिरू नका. शंभर वर्षांचं गंजलेलं लोखंड आहे, आपल्या बुडबुड्यांनीसुद्धा वरून गंज आणि गाळ सुटतो आणि दोन सेकंदात काही दिसत नाही. आणि एक तुकडाही उचलू नका, ही सातही जहाजं 2001 पासून संरक्षित स्मारकं आहेत, बघायची परवानगी आहे, न्यायची नाही. रॉयल ओक आणि व्हॅनगार्ड ही ब्रिटिश जहाजंही याच पाण्यात आहेत, प्रत्येकावर आठशेहून जास्त माणसं गेली, ती युद्धस्मशानं आहेत आणि तिथे डायव्हिंगला बंदी आहे. बोटवाल्याला त्याबद्दल गळ घालू नका.

बाकी सोयी उत्तम. स्क्रॅबस्टरहून स्ट्रॉमनेसला दीड तासाची फेरी, बऱ्याच बोटींना डायव्हरला उचलणारी लिफ्ट असते त्यामुळे जड सामान घेऊन शिडी चढावी लागत नाही, आणि हॉय बेटावर लायनेसचं म्युझियम दोन डाइव्हच्या मधे बघता येतं. मे मधे प्लँक्टनमुळे पाणी गढूळ असू शकतं, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर धरावा. महिना आणि सूट कुठला, नायलॉनचा की निओप्रीनचा, ते ठरलं की लिहा, त्याप्रमाणे आत काय घालायचं ते सांगतो.