गूगलवर नाव आपलं, दुकान भलत्याचं

प्रश्न : कोल्हापुरात चप्पल लाईनला आमचं दुकान आहे. सासऱ्यांनी 1978 साली त्यांच्या वडिलांच्या नावाने सुरू केलं. चार वर्षांपासून मी वेबसाइटवरूनही माल पाठवते. हल्ली गूगलवर आमच्या दुकानाचं नाव टाकलं की आमच्याही वर दुसऱ्या दोन दुकानांच्या जाहिराती येतात. दोन्ही दुकानं कोल्हापुरातलीच. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने आमचीच समजून त्यातल्या एकाकडून कापशी चप्पल मागवली, आठ दिवसांत तळ सुटला आणि बोलणी आम्हाला खावी लागली. नावाची नोंदणी केलेली नाही. दावा लावता येईल का?

उत्तर : ताई, तुम्ही दोन स्क्रीनशॉट पाठवलेत आणि दोन्हींवर सारख्याच रागाने लाल गोल काढलाय. पण ती दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि त्यातलं एकच तुमच्या कामाचं आहे.

पहिल्या जाहिरातीत वर ‘प्रायोजित’ लिहिलंय, खाली त्या दुकानाचं स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता. तुमचं नाव कुठेच नाही. अंबाबाईच्या देवळाकडून गिऱ्हाईक तुमच्या दुकानाचा पत्ता विचारत येतंय आणि वाटेत दुसरा दुकानदार ‘या ताई, बघून तरी जा’ म्हणतोय, असा हा प्रकार. चीड येते, पण बोलावणं हा गुन्हा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 10 ऑगस्ट 2023 रोजी गूगल आणि एका पॅकर्स-मूव्हर्स कंपनीच्या वादात हेच सांगितलं : दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून लावणं, म्हणजे कुणी तो शब्द शोधला की आपली जाहिरात दिसावी अशी सोय गूगलवर करणं, हा त्या मार्कचा ‘वापर’ आहे खरा, पण तेवढ्यावरून उल्लंघन होत नाही. गिऱ्हाइकाची गफलत व्हायला हवी, किंवा त्या नावाच्या पुण्याईवर कुणी गैरफायदा उकळलेला असायला हवा. तसं झालं असेल तर मात्र ‘आम्ही नुसते मध्यस्थ’ असं म्हणून गूगललाही हात झटकता येणार नाहीत, असंही त्याच निकालात आहे. मुंबई उच्च न्यायालयावर दिल्लीचा निकाल बंधनकारक नाही, पण त्याला वजन आहे.

शिवाय या दुकानाने तुमचं नाव कीवर्ड म्हणून लावलं असेलच असंही नाही. त्याने नुसतं ‘कोल्हापुरी चप्पल’ लावलं असेल आणि तुमच्या नावात ‘चप्पल’ आहे म्हणून गूगलनेच जाहिरात तिथे नेऊन बसवली असेल. ‘कोल्हापुरी’वर तर कुणाचीच मालकी नाही. 2019 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांतल्या कारागिरांचं आहे. या दुकानदाराला साधं पत्र लिहा : आमचं नाव तुमच्या जाहिरात मोहिमेत निगेटिव्ह कीवर्ड म्हणून टाका, म्हणजे ते शोधणाऱ्याला तुमची जाहिरात दिसणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे. ओळखीचा असेल तर चहा पिताना सांगितलं तरी चालेल.

दुसरा स्क्रीनशॉट मी मोठा करून पाहिला. निळ्या अक्षरात मथळा : तुमच्या आजेसासऱ्यांचं पूर्ण नाव, पुढे ‘ओरिजिनल कोल्हापुरी, 40% सूट’. दाबलं की उघडते भलतीच वेबसाइट. पुण्याचं गिऱ्हाईक फसलं ते इथेच. ‘मथळा आपोआप बनतो, गिऱ्हाईक जे शोधतं तेच तिथे येतं’ असं ते दुकानवाले म्हणतील. तशी सोय आहेही, पण तिच्यात तुमचं नाव यायला आधी कीवर्डच्या यादीत कुणीतरी ते घालावं लागतं.

नोंदणी नसल्याने ट्रेडमार्क उल्लंघनाचा दावा तुम्हाला लावता येत नाही. पण ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 27(2) ने ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवल्याचा दावा मोकळा ठेवलाय. त्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : नावाला बाजारात पत आहे, समोरच्याने लोकांची दिशाभूल केली, आणि त्यात तुमचं नुकसान झालं किंवा होणार आहे. जुनी बिलबुकं, शॉप ॲक्टचा दाखला, पेपरातल्या जाहिरातींची कात्रणं, जे माळ्यावर असेल ते खाली काढा. स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवा. कोर्टात ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रासह द्यावे लागतात, म्हणून ज्या फोनवर काढले तो सध्या विकू नका. जाहिरात कुणाच्या नावावर आहे ते गूगलच्या ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटरवर पाहता येतं, त्याचंही चित्र काढून ठेवा.

आणखी एक. तुमच्या वेबसाइटवर नावापुढे गोलातला ‘आर’ दिसला. तो आज काढा. नोंदणी नसताना तो लावायला कलम 107 ची मनाई आहे, आणि समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. ‘टीएम’ चालेल. या दुसऱ्या दुकानाला जी नोटीस पाठवाल, तिच्यातही ‘ट्रेडमार्क उल्लंघन’ हा शब्द नको, पासिंग ऑफच लिहायचं. नोंदणीचा अर्ज आत्ताच टाका, वर्ग 25, म्हणजे कपडे-पादत्राणांचा. लहान उद्योगाला ऑनलाइन फी 4,500 रुपये. वापर कधीपासून या रकान्यात 1978 आणि सोबत प्रतिज्ञापत्र. ‘पुढे वापरणार’ असं भरून मोकळे होणारे एजंट मी पाहिलेत, सावध राहा. नोंदणी झाली की गूगलकडे तक्रार करून जाहिरातीच्या मजकुरातून नाव काढायला लावणं सोपं जातं. कीवर्ड म्हणून लावायला मात्र गूगल अडवत नाही.

नोटिशीला दाद दिली नाही, तर दावा कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात, तातडीच्या मनाई हुकुमाच्या अर्जासह. अपिलाची वेळ आली तरी मुंबई गाठायला नको. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरातच बसतं.

त्यांच्या जाहिरातीवर पोरांना दिवसभर क्लिक मारायला बसवलंय असं शेवटी लिहिलंत, ते आधी थांबवा. गूगल असे क्लिक बरेचसे गाळून टाकतं, आणि कोर्टात उलट तुम्हीच उत्तर देत बसाल.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला मात्र आजच फोन करा. तळ सुटलेली कापशी, तिचं खोकं आणि पैसे भरल्याचा मेसेज, यातलं काही टाकून देऊ नका म्हणावं. बदल्यात आपली चांगली एक जोडी पाठवा, पण साक्षीच्या प्रतिज्ञापत्रावर त्यांची सही झाल्यावर नव्हे, आधीच आणि काही न मागता. नाहीतर साक्ष विकत घेतली म्हणतील.