आधी बघ, मग वाच

बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. देलारोश या फ्रेंच चित्रकाराचं, इंग्लंडची जेमतेम नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे हिच्या शिरच्छेदाचं चित्र तुला एवढं लागलं आणि मग कुठंतरी वाचलंस की १५५४ साली ती शिक्षा टॉवर ऑफ लंडन या किल्ल्याच्या आवारात उघड्यावर झाली, तिच्या अंगावर काळे कपडे होते, आणि देलारोशनं १८३३ मधे अंधारी खोली नि पांढरा सॅटिन रंगवला, म्हणून आता तुला वाटतंय की हे सगळं खोटंच, मग अर्थ कसला लावायचा. अगं पण तू बघितलंस किती वेळ? खरं सांग. आधी बघ, मग वाच.

तिचे हात बघ. डोळ्यांवर पट्टी, मान ठेवायचा समोरचा ठोकळा सापडत नाहीये, हात चाचपडतायत, आणि तो वयस्कर अधिकारी तिला अगदी हळू, पोरीला जिना उतरवावा तसं पुढे नेतोय. हे मात्र खोटं नाही, 'काय करू? कुठंय तो?' असं ती म्हणाल्याची नोंद आहे. खाली पेंढा पसरलाय, कशासाठी ते तुझं तू समज.

मी पंचविशीत या चित्रावर लेख लिहिला होता. पाच पुस्तकं वाचली, चित्राकडे पाच मिनिटंही नाही, आणि ठोकून दिलं की सगळ्यांची नजर जेनवर आहे. छापून आलं ते! अजून आठवलं की पोटात गोळा येतो. जेनला दिसत नाही, एका दासीचे डोळे मिटलेत, दुसरीनं भिंतीकडे तोंड केलंय. बघतायत ते जल्लाद, तो अधिकारी आणि आपण. एवढं साधं मला दिसलं नव्हतं.

म्हणून मी हट्टी झालो. मुलांना महिनाभर पुस्तक उघडू देत नाही, माझ्याबरोबर शिकवणाऱ्यांशी त्यावरून भांडणं झाली, सर अभ्यासाच्या विरोधात आहेत असंही बोललं गेलं. नाहीये मी विरोधात. ज्या पॅरिसमधे १८३४ ला हे चित्र लागलं तिथे फ्रान्सच्याच राणीचं, मेरी आंत्वानेतचं, डोकं उडवल्याला जेमतेम चाळीस वर्षं झाली होती, हे वाचल्याशिवाय कसं कळणार? पण ते नंतर गं, नंतर! आधी तो पांढरा रंग डोळ्यांत भरू दे, मग विचार काळा का नाही घेतला.

पुस्तकांची यादी मागितलीस, ती आत्ता देत नाही. तिचे दोन्ही हात पेन्सिलनं काढ, कसेही येऊ देत, आणि फोटो पाठव.