रीसेट मारला आणि चार कमिट गायब

प्रश्न : ताई, मी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका ओपन सोर्स प्रकल्पासाठी पॅच करत होतो. काल रात्री एक गोंधळ निस्तरायला गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) ‘गिट रीसेट हार्ड’ मारलं आणि माझे चारही कमिट, म्हणजे साठवलेले बदल, लॉगमधून गायब! परत मिळतील का?

उत्तर : मिळतील, आधी पाणी पी. हा उद्योग मीही केलाय, तोही सबमिशनच्या आदल्या रात्री. कुणीतरी दिलेली कमांड न वाचताच चिकटवली होती!

रीसेट कमिट पुसत नाही, ब्रांचचं, म्हणजे कामाच्या धाग्याचं, बोट फक्त मागच्या कमिटवर ठेवतो. पुढचे तिथेच पडून असतात. त्याच फोल्डरमध्ये ‘गिट रीफ्लॉग’ चालव. हेड, म्हणजे तू सध्या जिथे आहेस ती खूण, कुठेकुठे फिरून आला त्याची वहीच उघडेल, ताजी नोंद सर्वांत वर. रीसेटच्या लगेच खालची ओळ बघ. तिच्या सुरुवातीची सात-आठ अक्षरं (ती त्या कमिटची ओळख) उचल आणि ‘गिट ब्रांच’, मग एखादं नवं नाव, मग ती अक्षरं असं लिही. झालं. आता पुन्हा रीसेट-बिसेट नको. सेटिंग बदललं नसेल तर अशा अनाथ कमिटांच्या नोंदी 30 दिवस टिकतात; तरी आजच कर.

जे कमिटच केलं नव्हतं, ते मात्र बहुतेक गेलं. ‘गिट अ‍ॅड’पर्यंत (कमिटच्या आधीची पायरी) पोचलं असेल, तर ‘गिट एफएससीके’ला ‘लॉस्ट-फाउंड’ जोडून बघ. फाइली सापडतात, पण नावाशिवाय. अशा निनावी फाइली एकेक उघडत मी एकदा पहाट केली होती.