‘ओळख नाही’ म्हणणाऱ्या लोट्याच्या इंजिनियरला

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू लोटे परशुरामला एका केमिकल प्लँटमध्ये मेंटेनन्स बघतोस, घर गुहागरला, समुद्रात पोहत वाढलास. जर्मनीचं ऑपॉर्च्युनिटी कार्ड (तिथे राहून नोकरी शोधायची परवानगी) मिळायच्या बेतात आहे आणि दिवाळीनंतर फ्रँकफुर्टकडे निघायचं चाललंय. तुझं म्हणणं असं, की तिथे कुणाची ओळख नाही, लिंक्डइनवर शेकड्याने रिक्वेस्ट टाकल्या तरी कुणी उत्तर देत नाही. नेटवर्किंग म्हणजे गोड बोलून आपलं काम काढून घेणं, आणि ते तुझ्याच्याने होत नाही. आणि शेवटी हळूच, ‘ताई, तुमच्या कंपनीत माझा सीव्ही पुढे सरकवाल का?’

शेवटच्याचं उत्तर आधी देते. नाही, आत्ता नाही. राग मानू नकोस. का नाही हे कळलं की तुझे बाकीचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

माझे आजोबा हर्णैहून परळच्या गिरणीत लागले ते जॉबरच्या शब्दावर. तेव्हा गिरण्यांमधली भरती बरीचशी जॉबरच्याच हातात असे आणि तो आपल्या गावची, आपल्या नात्यागोत्यातली माणसं आत घेई. गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं, गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचं. मुंबईतला अर्धा कोकण असाच उभा राहिला. यात जॉबरने आजोबांचं काम आधी बघितलं होतं का? नाही. त्याची गरजच नव्हती. पोरगा बिघडला तर गावात त्याचा बाप सापडणार होता. हमी गावाची होती.

इथे जर्मनीत ती हमी नाही. मी तुझं नाव दिलं तर माझा मॅनेजर पहिलं विचारील, ‘तू त्याच्याबरोबर काम केलंयस?’ मी ‘नाही, पण आमच्याकडचा आहे’ म्हटलं की विषय संपला, आणि पुढच्या वेळी मी खरंच कुणाला ओळखत असले तरी माझ्या शब्दाला वजन राहणार नाही. म्हणून इथे ओळख वाढवायची म्हणजे आपलं काम चार लोकांच्या नजरेस पडेल अशी व्यवस्था करायची. गोड बोलणं त्यात फारसं लागत नाही, तेव्हा तू निश्चिंत राहा. जर्मन माणूस जास्त गोड बोलणाऱ्याकडे जरा संशयानेच बघतो.

ही सुरुवात लोट्यातूनच करायची, फ्रँकफुर्टच्या विमानतळावर उतरल्यावर नाही. तुझ्या प्लँटमधल्या पंपांच्या, व्हॉल्व्हच्या, मीटरच्या नेमप्लेट वाचत फीर. त्यातली बरीच उपकरणं जर्मन बनावटीची निघतील. त्यांचे सर्व्हिस इंजिनियर पुण्याहून नाहीतर मुंबईहून तुझ्याकडे येतच असतील, आणि रात्री अडीच वाजता पंपाचं सील गळायला लागलं तेव्हा तू काय केलंस हे त्यांनी बघितलेलं आहे. जगात सध्या तुझ्याबद्दल खरं काही सांगू शकणारे लोक हेच. त्यांना सांग, मी जातोय, तुमच्या तिकडच्या ऑफिसात मेंटेनन्समधल्या कुणाशी बोलता येईल का? नोकरीचं बोलू नकोस, नुसतं बोलता येईल का एवढंच विचार. शंभर अनोळखी रिक्वेस्टपेक्षा असा एक फोन पुढे जातो.

दुसरं, कंपनी सोडताना वरिष्ठांशी भांडून सोडू नकोस. जर्मनीत नोकरी सोडताना मालकाकडून लेखी प्रशस्तिपत्र मागणं हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे, त्यामुळे इथल्या लोकांना अशी पत्रं ओळीओळीने वाचायची सवय आहे. आपल्याकडचं दोन ओळींचं ‘अमुक ते अमुक तारखेपर्यंत काम केले, वर्तणूक चांगली’ त्यांच्या डोळ्यांना रिकामं दिसतं. कोणती युनिटं सांभाळलीस, शटडाऊनमध्ये हाताखाली किती माणसं होती, ग्लास-लाइन्ड रिॲक्टरची तपासणी तू स्वतः केलीस का, हे सगळं लिहून घे. मसुदा तूच करून दे, साहेब सही करतील. साहेबांनाही तेच सोयीचं असतं!

आता ते लिंक्डइन. तू मला नमुना पाठवला आहेस: ‘आदरणीय सर, मी मेहनती व प्रामाणिक इंजिनियर असून आपल्या कंपनीत योग्य संधी असल्यास कळवावे.’ यात वाचणाऱ्याने करायचं काय? तुला नोकरी देणं त्याच्या हातात नाही, आणि तू मेहनती आहेस की नाही हे त्याला कळायला मार्ग नाही. त्याला जे सहज देता येईल तेच माग. समजा एखादी बाई मानहाइमच्या बाजूला प्लँट मेंटेनन्समध्ये आहे. तिला असं लिही:

‘मी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका रासायनिक प्लँटमध्ये मेंटेनन्स बघतो. स्फोटाचा धोका असलेल्या भागातली विजेची उपकरणं आमच्याकडे पेसो या सरकारी सुरक्षा संस्थेच्या नियमांनुसार असतात. तुमच्याकडे त्यासाठी ॲटेक्सचे युरोपीय नियम आहेत. कागदावरचा फरक मी वाचला आहे, पण दुरुस्तीसाठी वर्क परमिट (काम सुरू करायची लेखी परवानगी) काढताना प्रत्यक्षात काय वेगळं करावं लागतं, ते समजून घ्यायचं आहे. २० मिनिटं बोलता येईल का? या दोन वेळा मला जमतील.’

बस. या चार ओळींत तू काम करणारा माणूस आहेस हे आपोआप दिसतं, मेहनती म्हणावं लागत नाही. सुरुवातीला हेर (श्री.) किंवा फ्राउ (श्रीमती) लावून आडनावाने हाक मार आणि समोरच्याने आपणहून सुचवेपर्यंत एकेरीवर उतरू नकोस. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एक आठवण, मग सोडून दे. ऑगस्टमध्ये आणि नाताळच्या सुमारास कुणी जागेवर नसतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.

बोलणं ठरलं की घड्याळ बघ. २० मिनिटं म्हटलंस तर विसाव्या मिनिटाला ‘वेळ झाली’ असं तू म्हणायचं. ते म्हणाले थांब, बोलूया, तर बोला. त्या फोनवर नोकरीचा विषय अजिबात काढू नकोस. शेवटी एवढंच विचार, की याबद्दल आणखी कुणाशी बोललं तर बरं? एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायची वाट ही आहे.

आणि सगळ्यात जास्त माणसं जिथे गळतात ते पुढचं. सल्ला घेतला, धन्यवाद म्हटलं आणि गप्प बसले. महिन्याने परत लिही: तुम्ही सांगितलेला नियम वाचला, आमच्या परमिटच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला, साहेबांनी तो मान्य केला. समोरच्याला कळतं की या पोराला सांगितलेलं वाया जात नाही. माझ्या नजरेसमोर ज्यांचं इथे बस्तान बसलं, त्या बहुतेकांना ही एक सवय होती. इंग्रजी जेमतेम असलेलेही त्यात होते.

तुझ्या कार्डाचाही या दृष्टीने विचार कर. १ जून २०२४ पासून ही सोय सुरू झाली. नोकरी शोधायला एक वर्षापर्यंत राहता येतं, त्यात आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येतं आणि एका मालकाकडे दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणून काम करता येतं. बहुतेक मुलं त्यातले २० तास हॉटेलात भांडी घासून भाडं भरण्यापुरते बघतात. भाडं भरावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण त्या दोन आठवड्यांकडे दुर्लक्ष करू नकोस. तुझं काम डोळ्यांनी बघायची संधी कायद्यानेच मालकाला दिली आहे. मध्यम आकाराच्या, आपल्या लोकांना नावंही माहीत नसलेल्या कंपन्यांना ‘आधी दोन आठवडे बघा’ असं म्हण. आणि जर्मन भाषा वाढव, रे बाबा. ऑफिसात इंग्रजी चालेल, पण प्लँटमध्ये शिफ्ट बदलताना फोरमन फोरमनशी जर्मनमध्येच बोलतो, आणि तुझं सगळं काम त्या बोलण्यात आहे.

मराठी मंडळात जरूर जा. खोली शोधायला, घराचा पत्ता सरकारदरबारी नोंदवायला (राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करावं लागतं), तापाने फणफणलास तर पेज आणून द्यायला तीच माणसं उपयोगी. पण नोकरीची बातमी तिथे शिळी असते, कारण सगळ्यांना सगळ्यांचं आधीच माहीत असतं, शिवाय निम्मं मंडळ आयटीत. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हे मांडलं होतं. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली, त्यांच्यापैकी फक्त १७ टक्क्यांच्या आसपास लोकांची ती ओळख वरचेवर भेटणाऱ्या माणसाची होती. बाकीच्यांना बातमी दिली ती कधीमधी, नाहीतर क्वचितच भेटणाऱ्यांनी.

मग असे कधीमधी भेटणारे आणायचे कुठून? इथे प्रत्येक गोष्टीची संस्था असते, नोंदणी झालेल्याच सहा लाखांच्या वर आहेत. इंजिनियरांची व्हीडीआय १८५६ पासून चालू आहे, तिच्या स्थानिक शाखांची व्याख्यानं, कारखान्यांच्या भेटी असतात, तिकडे जा. फ्रँकफुर्टला दर तीन वर्षांनी अखेमा भरतं, रासायनिक उद्योगाचं प्रचंड प्रदर्शन, पुढचं २०२७ मध्ये. पण तुझ्यासाठी माझी पहिली पसंती वेगळीच आहे. डीएलआरजी ही १९१३ साली निघालेली जीवरक्षकांची संस्था आहे. देशभर शाखा, तलावावर आणि पोहण्याच्या तलावात पहारे, सगळं स्वयंसेवकांवर. गुहागरच्या लाटांत पोहलेल्या मुलाला तिथे स्वतःची ओळख करून द्यायला फार शब्द लागणार नाहीत. वेळेवर येतोस, दिलेली पाळी चुकवत नाहीस, हे दर आठवड्याला तेच पंधरा लोक बघतात. त्यातला एखादा कुठल्यातरी प्लँटमध्ये फोरमन असतो, एखादीचा नवरा असतो. नसला तरी जर्मन सुधारते आणि संध्याकाळी खोलीत एकटं बसावं लागत नाही. तू संकोची आहेस म्हणालास, तर इथे तो अडसर नाही. मुकाट्याने काम करणारा माणूस इथे कुणाला विचित्र वाटत नाही.

जाता जाता, कुणाला खूश करायला हापूसची पेटी आणू नकोस. डिसेंबर २०१९ पासून युरोपात सामानातून ताजं फळ आणायला वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. गंमत म्हणजे नारळाला त्यातून सूट आहे! ओळखीच्या पहिल्या टप्प्यावर भेटवस्तू दिली तर समोरचा अवघडतो, बऱ्याच कंपन्यांत त्याचे नियमही असतात. त्यापेक्षा तुझ्या वाढदिवसाची वाट बघ. इथे ज्याचा वाढदिवस तोच सगळ्यांसाठी केक घेऊन येतो. तेव्हा नारळाच्या वड्या कर आणि ठेव टेबलावर. दुसऱ्याला मात्र वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नकोस, ते अशुभ मानतात.

आता माझ्यापुरतं. तुझ्या पत्रात एक ओळ होती, पावसाळ्यात एकाच पंपाचं सील पुन्हा पुन्हा जात होतं आणि शेवटी कारण भलतीकडेच सापडलं. ते दोन पानांत लिहून पाठव, इंग्रजीत, आकृतीसकट: काय दिसलं, काय तपासलं, काय वगळलं, काय केलं. कंपनीचं आणि मालाचं नाव घालू नकोस. रविवारी तुमच्या संध्याकाळी सात वाजता फोन कर, इथे तेव्हा दुपार असते. मी त्यावर प्रश्न विचारीन, आणि थोडे खवचट विचारीन. उत्तरं पटली तर आमच्या मेंटेनन्समधल्या एकाला ती दोन पानं दाखवीन. सीव्ही त्याने मागितला तर.